डावी बाजू कोण सांभाळतं?

मागच्या अंकात खेळपटांवर लेख छापला आणि आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच सिनेमाभोवती फिरली. तो सिनेमा म्हणजे २००९ चा 'द ब्लाइंड साइड'. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातला मायकेल ओहर हा धड घर नसलेला कृष्णवर्णीय मुलगा, त्याला आपल्या घरात घेणारं श्रीमंत गोरं ट्यूही कुटुंब आणि मध्ये अमेरिकन फुटबॉल. काही पत्रं सिनेमाबद्दल आहेत, काही त्यावरून निघालेल्या घरच्या आणि मंडळाच्या अडचणींची. मोठी पत्रं आटोपशीर करून घेतली आहेत.

सिनेमा आवडला, खेळ मात्र कळला नाही. चेंडू भलत्याच्याच हातात असतो आणि हा मुलगा नुसता समोरच्याला ढकलत राहतो. मग त्याची एवढी किंमत का? (सुदामा नगर)

आधी खेळ थोडक्यात. मैदान १०० यार्ड लांब, शिवाय दोन्ही टोकांना १०-१० यार्डांचा पट्टा. प्रत्येक बाजूला ११ जण. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे जायचं असतं. गेले तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांचा. टोकाच्या पट्ट्यात चेंडू नेला की ६ गुण, त्यानंतरच्या किकचा १, आणि नुसता खांबांमधून मारला तर ३.

चेंडू फेकणारा तो क्वार्टरबॅक. त्याच्या पुढे पाच धिप्पाड माणसांची भिंत असते. मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि दोन टोकांना टॅकल. उजव्या हाताने फेकणारा माणूस फेकण्यासाठी वळतो तेव्हा त्याचा डावा खांदा पुढे येतो आणि छाती उजवीकडे होते. डावीकडून पाठीवर कोण येतंय ते त्याला दिसत नाही. डावीकडचा आरसा तुटलेली स्कूटर घेऊन संध्याकाळी इंदूरच्या राजवाड्याच्या गर्दीत शिरलेल्या माणसासारखी त्याची अवस्था असते. ती न दिसणारी बाजू म्हणजे ब्लाइंड साइड, आणि तिथला राखणदार डावा टॅकल. चेंडू हातात आल्यापासून सुटेपर्यंत साधारण अडीच-तीन सेकंद लागतात. तेवढा वेळ त्याने धावून येणाऱ्याला अडवायचं.

यात नुसती ताकद चालत नाही. टॅकल मागे सरकतो तो घसटत. आधी डावा पाय, मग उजवा, आणि पाय एकमेकांना ओलांडत नाहीत. गुडघे वाकलेले, पाठ सरळ, पंजे समोरच्याच्या छातीवर आतल्या बाजूने. नवखे कमरेतून वाकतात. मग तोल पुढे जातो, समोरचा हात झटकतो आणि बाजूने निघून जातो. पाय ओलांडले तर तो आतून शिरतो. घाबरून बाहेरून जर्सी धरली तर 'होल्डिंग', म्हणजे १० यार्डांचा दंड.

सिनेमा सुरू होतो तो खऱ्या प्रसंगाने. १८ नोव्हेंबर १९८५ ला न्यू यॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरने वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइसमन याला पाडलं. थाइसमनचा पाय मोडला आणि कारकीर्द तिथेच संपली. टेलरसारखे वेगवान खेळाडू आले आणि डाव्या टॅकलचा भाव वाढत गेला. मूळ पुस्तकात (मायकेल लुइस, २००६) हा सगळा इतिहास सविस्तर आहे, सिनेमाने तो दोन मिनिटांत उरकला. आमच्या मते खेळ न कळण्याचं कारण हेच. आणखी एक गंमत अशी की फेब्रुवारी २०१३ मध्ये ओहरचा बाल्टिमोर रेव्हन्स संघ सुपर बोल (तिथल्या व्यावसायिक लीगचा अंतिम सामना) जिंकला, तेव्हा तो डावीकडे नव्हताच, उजव्या टॅकलच्या जागी खेळत होता.

पुन्हा पाहाल तेव्हा चेंडू सोडून द्या आणि भिंतीतल्या डाव्या टोकाच्या माणसाचे पाय बघा.

सिनेमा पाहून वाटतं, त्याला दत्तक घेतलं. पुढे पेपरात आलं की दत्तक घेतलंच नव्हतं. खरं काय? (लोकमान्य नगर)

दत्तकविधान झालेलं नव्हतं. २००४ मध्ये, म्हणजे ओहर १८ वर्षांचा झाल्यावर, टेनेसीच्या कोर्टाकडून 'कन्झर्व्हेटरशिप' घेतली गेली. सज्ञान माणसाचे व्यवहार दुसऱ्याच्या हाती सोपवण्याची ही तजवीज सहसा आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे स्वतःचं पाहू न शकणाऱ्यांसाठी असते. ओहरला तसं काहीच नव्हतं. दत्तक घेतल्याने माणूस कुटुंबाचा होतो, वारस होतो. कन्झर्व्हेटरशिपने तसं नातं जुळत नाही, फक्त सहीचा अधिकार दुसऱ्याकडे जातो.

ऑगस्ट २०२३ मध्ये ओहर कोर्टात गेला. आपल्याला दत्तक म्हणून भासवलं आणि आपल्या नावावर पैसा केला, असा त्याचा आरोप होता. ट्यूही कुटुंबाने तो नाकारला. त्यांचं म्हणणं असं की ते मिसिसिपी विद्यापीठाच्या संघाचे जुने पाठीराखे, आणि पाठीराख्यांनी खेळाडूला घर-गाडी देणं कॉलेज-खेळांच्या नियमांत बसत नसल्याने तो घरचाच आहे हे दाखवणारा कागद हवा होता. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायाधीशांनी ती व्यवस्था संपवली. पैशांच्या हिशेबाचा वाद त्यानंतरही उरला.

ओहरची जुनी तक्रार वेगळीच आहे आणि आम्हाला ती जास्त महत्त्वाची वाटते. २०११ च्या आत्मकथनात त्याने लिहिलं की सिनेमाने त्याला खेळातलं काही न कळणारा दाखवलं. घरातला लहान मुलगा सॉसच्या बाटल्या मांडून त्याला डाव शिकवतो, तो प्रसंग आठवा. खरा ओहर लहानपणापासून खेळ बारकाईने पाहत आलेला होता. पडद्यावर तो प्रसंग गोड दिसतो, पण जे त्याचं स्वतःचं होतं ते त्यात दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतं. मदत करणाऱ्याच्या भूमिकेला (सँड्रा बुलक) ऑस्कर मिळालं, यावरूनही कथेचं तोंड कुणाकडे आहे ते कळतं.

आमच्या इथे बांधकामावर आलेल्या झाबुआकडच्या भिल्ल जोडप्याचा १३ वर्षांचा मुलगा वर्षभर आमच्या घरी राहून शिकतोय. आई-वडील काम असेल तिकडे जातात. खो-खोत फार चपळ आहे. शाळेत पालक म्हणून सह्या मीच करते. त्याला दत्तक घ्यावं का? (राजेंद्र नगर)

ताई, दत्तक घेऊ नका. आई-वडील हयात आहेत, येऊन-जाऊन आहेत, आणि खेळायला दत्तक लागत नाही. शिवाय कायद्यानेही ते सोपं नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात मूल सर्वसाधारणपणे १५ वर्षांच्या आतलं लागतं, मुलगा दत्तक घ्यायचा तर घरात आधीचा मुलगा किंवा नातू नसावा लागतो, आणि मुख्य म्हणजे केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागूच होत नाही.

त्याऐवजी हे करा. आई आणि वडील दोघांचंही संमतीपत्र घ्या. मुलगा कुणाकडे राहतो, कुठल्या शाळेत जातो, दवाखान्यात नेणं आणि स्पर्धेसाठी गावाबाहेर नेणं याला त्यांची परवानगी आहे, एवढा मजकूर पुरे. हिंदीत लिहा, त्यांना वाचून दाखवा. अंगठा असेल तर दोन साक्षीदार घ्या, त्यातला एक त्यांच्या गावचा किंवा नात्यातला. नोटरी करून घ्या आणि मुदत एकाच वर्षाची ठेवा, म्हणजे दरवर्षी त्यांना पुन्हा विचारावं लागेल. या कागदाने तुम्ही कायदेशीर पालक होत नाही. ते पालकत्व १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्टखाली कोर्टच देतं आणि तुमच्या बाबतीत सध्या त्याची गरज दिसत नाही. म्हणून शाळेच्या फॉर्मवर पालकाच्या रकान्यात वडिलांचंच नाव घाला आणि तुमचं स्थानिक पालक म्हणून. आजवरच्या सह्या कशा झाल्या आहेत तेही मुख्याध्यापकांना भेटून नीट करून घ्या.

दुसरी गोष्ट जन्मतारखेची. अशा मुलांची गाडी इथेच अडते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जुलै ठोकून दिलेली असते, आधारवर नुसतं साल असतं, आणि जन्माचा दाखला काढलेलाच नसतो. वयोगटाच्या स्पर्धेत तिन्ही कागद जुळले नाहीत तर पोरगं बाकावर बसतं, कधी वय चोरल्याचा आळ येतो. जन्मनोंद एका वर्षापेक्षा उशिरा करायची तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. ती नोंद जन्म झाला त्या ठिकाणच्या निबंधकाकडे, म्हणजे बहुधा गावाकडेच, करावी लागेल. दिवाळीत किंवा भगोरियाला (होळीच्या आधीचा भिल्लांचा सण) आई-वडील गावी जातात तेव्हाच हे काम उरकून घ्या. आईने सांगितलेली तारीख, लसीकरणाचं कार्ड, अंगणवाडीची नोंद, जे मिळेल ते जमवा. नावाची अक्षरं तिन्हीकडे एकसारखी हवीत, त्यातही आडनावाची. काही खेळांत डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय तपासतात, तेव्हा तारीख सोयीची नको, खरी हवी.

जमातीचा दाखला वडिलांच्या कागदांवरून निघतो. तोही त्याच फेरीत.

पैसा. दहा वर्षांवरच्या मुलाला बँकेच्या मर्यादेत स्वतःचं खातं स्वतः चालवता येतं. आजच उघडा. बक्षीस, शिष्यवृत्ती, उद्या खेलो इंडियात निवड होऊन महिना १०,००० रुपयांचा भत्ता सुरू झाला तर तोही थेट तिथेच जाऊ दे. तुमच्या खात्यावर एक रुपयाही फिरवू नका, 'तात्पुरता' सुद्धा नाही. तुम्ही केलेला खर्च तुमचा. बूट आणि दुधाचा हिशेब लिहून ठेवायचा असेल तर ठेवा, पण तो त्याच्या नावे उधारी म्हणून लिहू नका.

आणि हे थोडं कडू लागेल. घरातल्या इतर मुलांनी जेवढं काम करायचं तेवढंच त्याला सांगा. १४ वर्षांखालच्या दुसऱ्याच्या मुलाकडून घरकाम करून घेणं हा गुन्हा आहे, आणि 'आमच्याकडे शिकायला आहे' हे वाक्य त्यावरचं पांघरूण म्हणून फार वापरलं जातं. तुम्ही तसं करता असं म्हणणं नाही. पण विचारणारे विचारतील.

आपल्याकडे अशी गोष्ट घडली आहे का, की सगळं अमेरिकेचंच बघायचं? (तिलक नगर)

घडली आहे, आणि तिच्यात खेळाडूने आपली गोष्ट स्वतःच मराठीत लिहिली आहे. पाळवणकर बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे चार भाऊ, चर्मकार समाजातले. बाळू डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करता करता नेटमध्ये गोलंदाजी करू लागला. पुढे हिंदूंच्या संघाने त्याला घेतलं. मैदानावर तोच चेंडू सगळ्यांनी हाताळायचा, पण चहाच्या वेळी बाळूला बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने सगळे सामने मिळून ११४ बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला दिलं गेलं नाही. १९२० मध्ये तर चौरंगी (युरोपीय, पारशी, हिंदू आणि मुस्लिम संघांच्या) सामन्यांच्या वेळी त्याला संघातूनच वगळलं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम निषेध म्हणून बाहेर पडले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाला. त्याचं 'माझे क्रीडा-जीवन' १९४८ चं. सिनेमाच्या कथेत कुटुंब बाहेरून येऊन हात देतं, इथे भाऊच भावासाठी संघ सोडतात. वाचायला मिळालं तर सोडू नका.

इंदूरपुरतं बोलायचं तर होळकर संघ बघा. नागपूरचे सी. के. नायुडू इथे आले आणि इथलेच झाले, त्यांच्या जोडीला इंदूरचे मुश्ताक अली. १९४५ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकरांकडून चक्क इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन खेळला आणि नाबाद २४९ काढल्या. मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतक ठोकलं. सामना मुंबईने जिंकला, ते सोडा. पुढच्याच मोसमात चषक इथे आला.

आमच्या तरुणांना 'द ब्लाइंड साइड'च्या धर्तीवर, पण खो-खोवर एकांकिका बसवायची आहे. मंच ३० फूट रुंद, २० फूट खोल. सामना दाखवायचा कसा? (रामबाग)

खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटर, म्हणजे तुमच्या मंचाच्या जवळजवळ तिप्पट लांब. आठ जण बसवायला जाऊ नका, चार बसवा. मंचाच्या पुढच्या कडेपासून ९ फुटांवर आडवी रेघ मारा आणि दर ५ फुटांवर एकेक जण. खांब एकच दाखवा, डावीकडे. दुसरा विंगेत आहे असं धरा, नाही तर धावणाऱ्याला वळायला जागा उरत नाही. रेघेच्या पुढे ६ फूट धावपट्टी आणि कडेचे ३ फूट रिकामे. त्या तीन फुटांत कुणी पाऊल टाकायचं नाही, तालमीतही नाही.

आता नियमाचा फायदा घ्या. शेजारी बसलेले उलटसुलट तोंड करून बसतात आणि खो पाठीमागून मिळतो. म्हणजे दोघांचे चेहरे प्रेक्षकांकडे आणि दोघांच्या पाठी. ज्या मुलाची गोष्ट आहे त्याला चेहरा प्रेक्षकांकडे येईल असं बसवा. खो देणारा त्याच्या मागून येतो, त्यामुळे हात पाठीवर पडणार की नाही हे त्याच्या आधी प्रेक्षकांना दिसतं. धावणारा दोनदा त्याला टाळून पुढच्याला खो देतो. संवादाची गरजच नाही, संघात तो कुठे आहे ते कळलं. संहितेत 'मी परका आहे' अशी वाक्यं लिहिली असतील तर काढून टाका.

खांब खरा ४ फुटांच्या आसपास असतो. नाट्यगृहात खिळे ठोकू देत नाहीत, म्हणून ३ बाय ३ फुटांच्या १८ मिलिमीटर प्लायच्या तळावर बसवा आणि तळावर वाळूच्या पिशव्या ठेवा, निदान ४० किलो. एवढं करूनही खांबाला लटकून वळण घेऊ नका, हात नुसता टेकवा. हलका तळ पहिल्याच झोकात कलंडतो.

सामन्याची खरी पाळी ९ मिनिटांची, मंचावर दीड मिनिट भरपूर झालं. धावून आलेल्या नटाला लगेच लांब वाक्य देऊ नका, दम लागून शब्द तुटतात. पहिली वीस सेकंद दुसऱ्यांनी बोलावं. प्रकाश विंगेतून, गुडघ्याच्या उंचीवर, दोन्ही बाजूंना दोन-दोन दिवे, आणि समोरचे दिवे बरेच उतरवा. समोरून भरपूर उजेड पाडला की धाव सपाट आणि संथ दिसते. दिव्याचे स्टँड मात्र धावणारा ज्या विंगेत शिरतो तिथे नकोत. मॅटही नको. लाकडी फळ्यांवरचा अनवाणी पायांचा आवाज हेच तुमचं पार्श्वसंगीत, मॅट तो गिळून टाकते. मोजे घातले की घसरणार, पावडर सांडली तरी घसरणार. प्रयोगाच्या तासभर आधी ओल्या फडक्याने पुसून मंच पूर्ण वाळू द्या.

टक्कर होते ती बसलेला उठताना. तो गडबडीत आडवा उठतो आणि मागचा त्याच्यावर येऊन आदळतो. प्रत्येकाच्या धावेची वाट रंगीत टेपने आखा. आठवडाभर चालत, मग अर्ध्या वेगाने, आणि पूर्ण वेग शेवटच्या तालमींतच. 'खो' मोठ्याने द्या, कारण बसलेला त्या आवाजावर उठणार आहे.

नायक आदिवासी आहे. नट गोरा आहे. रंग लावून सावळा करावा का? (त्याच मंडळाचं दुसरं पत्र)

नको. चेहऱ्याला काळं फासून जमात दाखवणं ओंगळ दिसतं आणि सभागृहात त्या समाजाचा कुणी बसला असेल तर तो उठून जाईल. बोलीची नक्कलही नको. भिली येणारा मुलगा मिळाला तर त्यालाच घ्या, नाही तर नटाला त्याच्या स्वतःच्या भाषेत बोलू द्या. घरात मराठी, मैदानावर हिंदी, एवढा फरक इंदूरच्या प्रेक्षकाला पुरतो.

मंडळाच्या हॉलमध्ये हा सिनेमा सभासदांना फुकट दाखवायचा आहे. घरच्या ओटीटीवरून चालेल ना? (स्नेह नगर)

चालणार नाही. घरची वर्गणी घरात पाहण्यासाठी असते. तिकीट लावा न लावा, हॉलमध्ये दाखवायचा तर सार्वजनिक प्रदर्शनाची परवानगी हक्कधारकाकडून किंवा त्याच्या भारतातल्या वितरकाकडून लेखी घ्यावी लागते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हौशी मंडळांना फुकट प्रेक्षकांसमोर प्रयोग करण्याची सवलत आहे, पण ती नाटक, साहित्य आणि संगीत यांना, सिनेमाला नाही. शाळेत विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुरता दाखवायला वेगळी सवलत आहे, तिच्यात मंडळ बसत नाही. परवानगी मिळायला वेळ लागतो, म्हणून तारीख जाहीर करायच्या आधी पत्र टाका. सिनेमा २ तास ९ मिनिटांचा आहे. मध्यंतर आणि नंतरची चर्चा धरून हॉल साडेतीन तासांसाठी घ्या, आणि सबटायटल्स मागच्या रांगेतून वाचता येतात का ते आदल्या दिवशी बसून बघा.